यंदा कुरडया नाहीत!

मार्च महिना लागला की आपल्या वऱ्हाडातल्या गच्च्या कशा दिसतात, ते तुम्हाला सांगायला नको. जुनी धुवट लुगडी अंथरलेली, त्यांवर कुरडया, पापड, शेवया, सरगुंडे, आणि कावळे हाकलायला बसवलेली एखादी आजी. यंदा मूर्तिजापुरातली आमची गच्ची मात्र रिकामीच होती. शेजारणींनी दोन-तीनदा डोकावून पाहिलं. शेवटी एकीनं विचारलंच, "काहून वं, यंदा वाळवण नाही?" मी म्हटलं, "नाही. यंदा मी परीक्षेला बसते आहे."

एवढं साधं वाक्य तोंडातून काढायला मला एक अख्खं वर्ष लागलं. त्या वर्षाची आणि त्यानंतरच्या सहा आठवड्यांची हकीकत आज सांगणार आहे. ती सगळी काही कौतुकाची नाही. पण तुमच्यापैकी कितीतरी जणी माझ्यासारख्याच बी.ए. होऊन लग्न झालेल्या, कुठे तासिकेवर शिकवणाऱ्या, कुठे शिकवण्या घेणाऱ्या आहेत. 'आता एवढ्या संसारात कसला अभ्यास?' असं म्हणून ज्यांनी पुस्तक फळीवर ठेवून दिलं आहे, त्यांच्या ती उपयोगी पडेल.

परीक्षा म्हणजे बी.एड.ची सीईटी. पदवीनंतर बी.एड.ला प्रवेश हवा असेल तर महाराष्ट्रात ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. राज्याचा सीईटी कक्ष ती घेतो. मी आमच्या भागातल्या एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते. जितके तास, तितके पैसे. सुट्टीचे नाहीत, दिवाळीचे नाहीत. तेही चाललं असतं. पण एक दिवस शाळेत सरळच सांगण्यात आलं की, बी.एड. झालेली बाई मिळाली तर पुढच्या जूनपासून तुमचे तास तिला जातील. त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण घरी येताना पाय जड झाले होते, हे खरं.

चोरून केलेला अभ्यास

पहिल्या वर्षी मी कुणालाच सांगितलं नाही. म्हटलं, नापास झाले तर उगीच हसं व्हायचं. एक जाडजूड मार्गदर्शक आणलं आणि ते स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यामागे ठेवलं. सगळे झोपले की अकरा वाजता काढायचं. डोळे मिटत असायचे. एकच पान तीन-तीन रात्री वाचायची. दिवसा कुणी नसलं की पाच मिनिटं वाचायची, तेवढ्यात फाटक वाजलं की पुस्तक परत डब्यामागे! अशाच एका दुपारी दीड लिटर दूध उतू गेलं. सासूबाईंनी "लक्ष कुठं असते तुयं?" म्हणून विचारलं, तेव्हाही मी गप्पच.

शिवाय वाचत काय होते? पुस्तकाच्या पहिल्या पानापासून सुरुवात केलेली. जगातली सर्वांत लांब नदी, सर्वांत उंच शिखर, कोणाला कोणता पुरस्कार! या सामान्य ज्ञानातच माझे तीन आठवडे गेले. बुद्धिमत्तेच्या प्रश्नांत आकडे दिसले की मी पान उलटून पुढे जायची. गणिताशी माझं दहावीपासूनच वाकडं. परीक्षा झाली. गुण असे आले की नाव लागलं ते लांबच्या एका कॉलेजात. रोज जाऊन येणं शक्यच नव्हतं. प्रवेश सोडून द्यावा लागला. आणि सगळ्यांत वाईट काय झालं सांगू? कुणाला ठाऊकच नव्हतं, म्हणून कुणी समजूतही घातली नाही. त्या दिवशी मी डोकं दुखतंय म्हणून सांगून निजले.

पुढे कधीतरी रमाबाई रानड्यांची आठवण झाली. लग्न १८७३ साली, वय अकरा. न्यायमूर्ती रानडे त्यांना स्वतः शिकवत, आणि दिवसा घरातल्या वडीलधाऱ्या बायका त्याबद्दल टोचून बोलत. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० साली निघालेल्या पुस्तकात त्यांनी ते सारं लिहून ठेवलं आहे. मनात आलं, त्या काळी शिकणाऱ्या बाईला अख्ख्या घराची, गावाची बोलणी खावी लागत. मला तर कुणी अजून 'नको' म्हटलेलंसुद्धा नव्हतं! मी कुणाला विचारलंच नव्हतं. बोलणी बसतील या धाकानं मीच आधी लपून बसले होते.

सांगून घेतलेला तास

म्हणून या खेपेला, फेब्रुवारीच्या मध्यावर, परीक्षेला सहा आठवडे उरले असताना, रात्रीच्या जेवणाला सगळे बसले तेव्हा सांगून टाकलं. मागच्या वर्षीचंही सांगितलं. 'अभ्यास करायचाय' असं मोघम बोलले नाही. आधी कागदावर लिहून काढलं होतं, तेच वाचून दाखवलं: पहाटे पाच ते सहा, दुपारी पाऊण तास, रात्री अर्धा तास. या वेळात मला कुणी हाक मारायची नाही. कधीपर्यंत, तर अमुक तारखेपर्यंत.

सासूबाई म्हणाल्या, "मंग हे मांगच्या वर्षी सांगाले का झालतं? रात्र रात्र लाईट जाळत होती, मले वाटे तुले झोपच येत नाही!" आणि थोड्या वेळानं, "पोराइले मी पाहतो. तू वाच."

मैत्रिणींनो, यावरून आमचं घर म्हणजे गोकुळ आहे असं समजू नका. हे पहिले दहा-बारा दिवस जरा घुश्शातच होते. नेमक्या माझ्या वेळेला त्यांचा मोजा हरवायचा, चहाची तल्लफ यायची. मी भांडले नाही आणि उठलेही नाही. "सहा वाजता देते" एवढंच म्हणायची. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतः चहा केला. साखर जास्त पडली होती. मी बोलले नाही. सासूबाईही शेजारी बोलताना "सून परीक्षेले बसली, म्हणून यंदा काही केलं नाही" असं अशा सुरात म्हणायच्या, की कौतुक करताहेत की तक्रार, ते कळू नये. मुलीला ताप आला, त्यात चार दिवस गेले. नणंदेकडची मंडळी आली, त्यात दोन. संसार थांबत नाही. पण एक फरक झाला. चोरून घेतलेला तास कुणाच्याही पायरवानं मोडतो. सांगून घेतलेला तास मोडला तर मोडणाऱ्याला कळतं की आपण मोडला.

आधी तासांचा जमाखर्च

आपण महिन्याचा किराणा भरताना आधी पैसे मोजतो, मग यादी करतो. अभ्यासाचंही तसंच करायचं. माझे रोजचे सव्वादोन तास, असे बेचाळीस दिवस. म्हणजे साडेचौऱ्याण्णव तास. त्यातून आजारपण, पाहुणे, सण यांचे वीसेक तास आधीच वजा टाकले. उरले पंच्याहत्तर. बस्स, एवढीच पुंजी. ती कुठे खर्च करायची, हे परीक्षेच्या आकड्यांवरून ठरवलं.

परीक्षा संगणकावर असते. प्रश्न १००, गुण १००, वेळ ९० मिनिटं. बुद्धिमत्तेचे ४० प्रश्न, सामान्य ज्ञानाचे ३० आणि शिक्षक अभियोग्यतेचे ३०. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात आणि चुकल्याबद्दल गुण कापत नाहीत. हे आकडे मागच्या वर्षीही पुस्तकाच्या पहिल्याच पानावर छापलेले होते, मी ते नीट पाहिलेच नव्हते!

मग वाटणी अशी केली: बुद्धिमत्तेला ३५ तास, अभियोग्यतेला १५, सामान्य ज्ञानाला फक्त १०, आणि उरलेले १५ तास दहा पूर्ण सराव प्रश्नपत्रिकांना. सामान्य ज्ञान हा समुद्र आहे. पन्नास तास ओतले तरी गुण वाढतील ते चार-पाच. बुद्धिमत्तेचे प्रकार मात्र मोजके असतात, आणि एकदा हात बसला की ते गुण हक्काचे. थोड्या वेळात काय वाचायचं हे ठरवणं सोपं असतं. काय वाचायचं नाही, हे ठरवताना जीव तुटतो. मी पुस्तकातली जवळजवळ दीडशे पानं दोऱ्यानं बांधून टाकली, पुन्हा उघडायचीच नाहीत म्हणून!

आकड्यांना भिऊ नका

बुद्धिमत्ता हे नाव मोठं आहे, पण त्यातले कितीतरी प्रश्न आपल्या रोजच्या व्यवहारातले आहेत. नातेसंबंधांचंच घ्या. एक बाई फोटोकडे बोट दाखवून म्हणते, "ही माझ्या सासऱ्यांच्या एकुलत्या एका मुलाची बायको." तर फोटोत कोण? पुरुषमंडळी कागदावर वंशवृक्ष काढत बसतील. आपल्याला लगेच कळतं, ती बाई स्वतःच! जाऊ, नणंद, भावजय, विहीण या नात्यांत आपला जन्म जातो. इथे गुण सोडायचे नाहीत.

दिनदर्शिकेचे प्रश्न: १ मार्चला सोमवार असेल तर १ एप्रिलला कोणता वार? मार्चचे ३१ दिवस, म्हणजे चार आठवडे आणि वर तीन दिवस. वार तीनानं पुढे सरकतो, उत्तर गुरुवार. तीस दिवसांचा महिना असेल तर वार दोनानं सरकेल. दूधवाल्याचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला यात अवघड ते काय?

दिशांसाठी मी मनातल्या मनात आमच्या मूर्तिजापूरच्या स्टेशनवर उभी राहायची. पूर्वेला बडनेरा, पश्चिमेला अकोला, उत्तरेला दर्यापूर, दक्षिणेला कारंजा. बडनेऱ्याकडे तोंड करून उजवीकडे वळले की कारंजा, पुन्हा उजवीकडे वळले की अकोला. तुम्ही तुमच्या गावचा चौक धरा, म्हणजे उजवं-डावं चुकणार नाही.

संख्यामालिका: ३, ८, १५, २४, ३५, पुढे काय? दोन आकड्यांमधली वजाबाकी करून पाहा: ५, ७, ९, ११. म्हणजे आता १३ मिळवायचे, उत्तर ४८. मालिका दिसली की आधी वजाबाकी, तिनं सुटलं नाही तर भागाकार, नाहीतर वर्गसंख्या. एवढ्या तीन किल्ल्यांनी बरीच कुलपं उघडतात. मी रोज पहाटे एकच प्रकार घ्यायची. पंधरा-वीस प्रश्न सोडवायचे आणि चुकलेला प्रश्न वहीत पुन्हा लिहायचा.

अनुभव जिथे आड येतो

शिक्षक अभियोग्यतेत मला वाटलं, आपल्याला काय भीती? आपण तर वर्गावरच असतो. मागच्या वर्षी तिथेच मी सपाटून मार खाल्ला! प्रश्न असा असतो: एक मुलगा चार दिवस गृहपाठ करत नाही, तुम्ही काय कराल? रागवाल, वर्गाबाहेर उभं कराल, पालकांना बोलावाल, की त्याला बाजूला घेऊन कारण विचाराल? साठ पोरांच्या वर्गात आपण खरोखर जे करतो, ते मी प्रामाणिकपणे लिहून आले. तिथे मात्र विचारलेलं असतं, चांगल्या शिक्षकानं काय करावं. उत्तर शोधताना मूल मध्यभागी ठेवायचं: आधी कारण समजून घेणं, मग मदत, मग पालक, शिक्षा नाहीच. हे लक्षात आल्यावर माझे सरावातले गुण वाढले. खरं सांगू? वर्गातही फरक पडला. गृहपाठ न करणाऱ्या एका पोराला मी खरंच बाजूला घेऊन विचारलं. घरी आई आजारी, धाकट्या बहिणीला तोच सांभाळत होता. माझ्या वर्गात माझ्यासारखंच चोरून जगणारं आणखी एक जण होतं!

सामान्य ज्ञानाच्या दहा तासांत मी एका पानावर मावेल एवढंच उतरवलं. शिक्षणासंबंधीच्या गोष्टी आधी घेतल्या, कारण त्या दोन्हीकडे उपयोगी पडतात. भिडेवाड्यातली सावित्रीबाई-जोतिरावांची मुलींची शाळा १८४८. महर्षी कर्व्यांचं महिला विद्यापीठ १९१६. कोठारी आयोग १९६४ ते ६६. शिक्षणाचा मूलभूत हक्क देणारं कलम २१ अ, ८६ व्या घटनादुरुस्तीनं, २००२. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून, वयोगट ६ ते १४. मुलांना मारणं आणि त्यांचा मानसिक छळ करणं या दोन्हींना त्यात बंदी. नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०, त्यातली पाच-तीन-तीन-चार अशी रचना. आपल्याकडचं म्हणाल तर डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत सुरू केलेली शिवाजी शिक्षण संस्था १९३२. अमरावती विद्यापीठ १ मे १९८३. बाकी चालू घडामोडींसाठी रोजचं वर्तमानपत्र, भाजी निवडण्याआधी दहा मिनिटं.

गहू एका रात्रीत भिजत नाही

कुरडया केल्या नाहीत, तरी अभ्यास करायचा कसा हे मला कुरडयांनीच शिकवलं. गहू तीन दिवस भिजत घालतो, रोज पाणी बदलतो, तेव्हा कुठे चीक सुटतो. तीन दिवसांचं पाणी एकदम ओतून एका रात्रीत चीक निघत नाही. वाचलेलंही तसंच. आज केलेला भाग उद्या पाच मिनिटं, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं परत चाळायचा.

आणि चाळायचा म्हणजे नुसता वाचायचा नाही. पुस्तक मिटून आठवायचा. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली याचा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एकच उतारा दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचल्यावर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं, तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले! आपल्याला परीक्षेपर्यंत लक्षात राहायला हवं. मग न पाहता आठवणंच बरं. मला हे फार सोयीचं पडलं, कारण आठवायला टेबल-खुर्ची लागत नाही. भाकरी थापताना मी मनातल्या मनात कलमं आणि सालं म्हणायची. तिसरीतल्या लेकीला माझी वही हातात देऊन विचारायला लावायची. मी चुकले की ती काय खूश व्हायची!

मोबाईलवरच्या व्याख्यानांबद्दल एक इशारा. त्यांतली काही चांगली आहेत, पण ऐकताना सगळं समजतंय असं वाटतं, आणि तास कधी संपला ते कळत नाही. एखादा प्रकार अडला तरच त्यापुरतं ऐका. एरवी हातात पेन्सिल हवी.

घरातलं काय सोडलं

अभ्यासाची दीडशे पानं बांधून ठेवली, तशी घरातलीही काही कामं सहा आठवडे बांधून ठेवली. वाळवण नाही. रोज दोन भाज्या नाहीत. एक भाजी, वरण-भात, पोळी. आठवड्यातून दोनदा रात्री चून-भाकर आणि ठेचा, किंवा वरणफळं; एकाच पातेल्यात सगळं जेवण. इस्त्री बाहेर दिली. तेवढा महिनाभर पैशाचा खर्च. जाळीदार पडदे, तांब्या-पितळेची भांडी, सगळं परीक्षेनंतर. तीन कामं मात्र सोडली नाहीत: मुलांचा अभ्यास, कारण त्यांच्याही परीक्षा जवळ होत्या, सासूबाईंची औषधं, आणि माझी झोप. सहा तासांच्या आत झोप आणली की पहाटेचा तास नुसता पुस्तकाकडे पाहण्यात जातो, हे मी पहिल्या वर्षी भोगलं आहे.

मुलं अभ्यासाला बसली की त्यांच्या शेजारी आपलंही पुस्तक घेऊन बसावं. माझा दुपारचा पाऊण तास असाच निघाला. आणि गंमत म्हणजे, "अभ्यास करा, अभ्यास करा" हे ओरडणंही वाचलं.

दोन नावांची भानगड

हा भाग कंटाळवाणा आहे, पण अभ्यासाइतकाच महत्त्वाचा. आपली पदवी असते माहेरच्या नावाची आणि आधारकार्ड सासरच्या. ऐन वेळी यावरून फार धावपळ होते. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवणारा विवाह नोंदणीचा दाखला, किंवा राजपत्रात नाव बदलल्याची नोंद, आधीच मिळवून ठेवा. जातीचा दाखला माहेरचाच लागतो. लग्नानं जात बदलत नाही. बी.एड.साठी पदवीला खुल्या गटात ५० टक्के आणि राज्यातल्या राखीव गटांना ४५ टक्के लागतात. अर्जाचे पैसे भरण्याआधी आपली गुणपत्रिका काढून पाहा. अर्जाची आणि परीक्षेची तारीख दरवर्षी बदलते. २०२४ आणि २०२५ साली परीक्षा मार्चमध्ये झाली होती. म्हणून डिसेंबर लागला की सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर आठवड्यातून एकदा नजर टाका, आणि माहितीपुस्तिका स्वतः वाचा. "कुणीतरी सांगितलं" यावर जाऊ नका. हेही ध्यानात असू द्या की २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आहे. घरात बोलताना परीक्षेचंच नाही, त्या दोन वर्षांचंही बोला.

नव्वद मिनिटं

शंभर प्रश्नांना नव्वद मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला चोपन्न सेकंद. सरावात मी अशी विभागणी केली: सामान्य ज्ञान १५ मिनिटं, कारण येतं किंवा येत नाही, विचार करून ते सुचत नाही; अभियोग्यता २० मिनिटं; बुद्धिमत्ता ५० मिनिटं; शेवटची पाच मिनिटं राहिलेल्या प्रश्नांना. गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. दोन पर्याय चुकीचे आहेत एवढं जरी कळलं, तरी उरलेल्या दोहोंतून एक निवडायचा. दहा सराव पत्रिकांपैकी निदान दोन संगणकावर सोडवा. मोबाईलवर बोट फिरवायची सवय असली तरी माऊस धरायची सवय वेगळी.

आदल्या दिवशी नवीन काही वाचू नका. केंद्र अकोला-अमरावतीसारख्या शहरात येतं, तेव्हा गाडीची वेळ पाहून एक गाडी आधीची धरा. घरच्या दिवसभराच्या स्वयंपाकाची चिंता करू नका. एक दिवस पोहे खाऊन कुणी आजारी पडत नाही.

जेवणाचं ताट मोडा पण मुलांना शिकवा, असं कीर्तनातून कळवळून सांगणारे गाडगेबाबा आपल्याच भागातले. त्यांचं लहानपण आमच्या मूर्तिजापूर तालुक्यात, दापुऱ्याला मामाच्या घरी गेलं. मी म्हणते, मुलांसाठी ताट मोडायची आपली तयारी असते. आईसाठी एखाद्या वर्षीच्या कुरडया मोडल्या तर काय बिघडलं?

निकाल अजून लागायचा आहे. मुद्दामच त्याआधी लिहिते आहे. चांगला लागला तर तुम्ही म्हणाल, यशस्वी बाईला सांगायला काय जातं! आणि वाईट लागला, तर लिहायचा धीर होईल की नाही कोण जाणे. एवढं मात्र माहीत आहे की या खेपेला शंभरच्या शंभर प्रश्न सोडवून आले. घरी आले तेव्हा सगळे वाट पाहत होते, आणि "कसा गेला?" असं विचारणारी चार माणसं होती. मागच्या वर्षी एकही नव्हतं.

ज्या शेजारणीनं "काहून वं, वाळवण नाही?" म्हणून विचारलं होतं, ती परवा एक डबा घेऊन आली. वर्षभर पुरतील एवढ्या कुरडया होत्या. डबा ठेवून ती जराशी घुटमळली. मग हळूच म्हणाली, "ते पुस्तक आता तुले लागत नसंल, तं आमच्या सुनेले देतं का?"

दिलं. दोरा सोडला नाही. दीडशे पानं तशीच बांधून दिली, आणि का ते सांगितलं.